एकाहत्तरवर अडकलेला काटा

लिलावाच्या आधी, सकाळी सहाला, वसमतच्या मोंढ्यात कुत्र्यांशिवाय कुणी नसतं अशी सपनाची समजूत होती. म्हणून तर फिरायला निघालेली ती चपला काढून हळद तोलायच्या काट्यावर चढली. मेडिकलवाल्याच्या काट्यावर चढावं तर अर्धा रस्ता आकडा वाचायला थांबतो.

"बारदान वजा करू काय?"

हळदीनं भरलेल्या कट्ट्यांच्या थप्पीमागून एक तरुण उठला. अंगावर पिवळी धूळ, डोळ्यांत झोप, ओठांवर हसू. सपनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुमी... इथं काय करून राहिले?"

"मापाडी हाव मी. प्रेमानंद." त्यानं वाकून आकडा पाहिला. "पंचाहत्तर. कपड्यासकट हां – उगं रडू नका."

"रडतंय कोण!" म्हणाली, आणि तिथंच तिचे डोळे भरले.

कारण साधंच होतं. परभणीच्या स्थळानं निरोप धाडला होता – मुलगी पसंत आहे, पण आधी पासष्टवर या, मग साखरपुडा. आई, रुक्माबाई, हरखून गेली. सेतू केंद्रात दिवसभर बसून लोकांचे अर्ज भरणारी सपना त्या दिवसापासून भाकरी मोजून खायला आणि पहाटे चालायला लागली.

मग दर सोमवारी काटा ठरला. पहिल्या महिन्यात चार किलो उतरले. प्रेमानंद आकडा असा पुकारायचा, जणू लिलावच चाललाय.

"एकाहत्तर! बोला, कुणाला पाहिजे?"

"गप बसा. कुणी ऐकलं म्हंजे?"

"ऐकू द्या की..." तो हळूच म्हणायचा आणि दुसरीकडे बघायचा. सपनाला दिवसभर ते 'ऐकू द्या की' पुरायचं.

पण काटा एकाहत्तरवर येऊन बसला तो बसलाच. दुसऱ्या सोमवारी एकाहत्तर, तिसऱ्यालाही. तिनं भात सोडला, चहातली साखर सोडली, शिरड शहापूरच्या रस्त्यानं दोन कोस चालू लागली. आकडा हलेना. मग एका भाकरीची अर्धी केली. रात्री भूक लागली की ती पाणी पिऊन झोपायची. सात सोमवार!

"काहून असं होतंय हो? मी चोरून तर काही खात न्हाई."

"खात जा की जरा," तो खाली मान घालून म्हणाला. "तोंड किती उतरलंय तुमचं."

तोंड उतरलंय आणि वजन नाही, हे तिला तेव्हाच खटकायला हवं होतं. पण प्रेमात पडलेल्या माणसाचा हिशेब कच्चाच असतो.

त्या बुधवारी तिनं आईला सांगून टाकलं – परभणीला नाही म्हणून कळव. रुक्माबाईनं डोकं धरलं, पण कळवलं. सपनाला पिसासारखं हलकं वाटत होतं. सोमवारी काट्यावर उभं राहून त्याला सांगायचं, असं तिनं ठरवलं. काय सांगायचं, तेही पाठ केलं.

शुक्रवारी ती केंद्रात चक्कर येऊन पडली.

दवाखान्यातल्या बाईंनी काट्यावर उभं केलं. सहासष्ट.

"तुमचा काटा चुकतोय बाई."

"काटा बराबर आहे. जेवत काहून न्हाई तू?" डॉक्टरीणबाई रागावल्या. "आधी झरझर उतरतं, मग थोडे दिवस थांबतं. सगळ्यांचंच थांबतं. तेव्हा धीर धरायचा असतो, उपास न्हाई."

सपना पलंगावर पडून छताकडे बघत राहिली. तिचे वडील असते तर त्यांना लगेच कळलं असतं. हळद घेऊन मोंढ्यात यायचे तेव्हा तिला बजावायचे, "मापाडी तोलत असला की आकडा पाहू नको बाई, त्याचा पाय पाह्य. खालून टेकवला की कमी भरतं, वरून दाबला की जास्त." आणि ती सात सोमवार त्याचा चेहरा बघत उभी होती.

सोमवारी ती काट्यावर चढली आणि खाली पाहिलं. लोखंडी पाट्याच्या कडेवर त्याच्या पायाचा अंगठा होता.

"पाय काढा."

तो दचकला. पाय सरकला, तसा आकडा घसरत सहासष्टवर थांबला.

"पयले दोन सोमवार खरंच अडकलं होतं..." तो स्वतःच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला. "मग उतराया लागलं. पासष्ट झालं असतं तर तुमी परभणीला गेल्या असत्या. मला... मला तुमी पाहिजे होत्या, सपना."

हेच ऐकायला ती तीन महिने पहाटे उठत होती.

"मग तोंडानं सांगायचं होतं. मी उपाशी निजत होते, प्रेमानंद. तुमी आकडा पुकारायचे आणि मी घरी जाऊन ताटातली भाकर परत ठेवायचे."

"चुकलो मी."

"बुधवारी मी परभणीला न्हाई म्हणून कळवलं. एकाहत्तरवर अडकलेली मीच तुमाला आवडते, असं वाटलं होतं मला... तेच सांगाया येणार होते आज."

त्यानं हात पुढे केला, पण ती केव्हाच उतरून चपला घालत होती. तेवढ्यात जवळा बाजारचा एक म्हातारा शेतकरी पहिला कट्टा काट्यावर टाकत म्हणाला, "पाय मागं घे रे लेकरा, मग तोल." ती वळली नाही.

घरी रुक्माबाई चुलीपुढे होती. तिनं सवयीनं ताटात अर्धी भाकर ठेवली आणि विचारलं, "किती भरलीस आज?"

"आई," सपना म्हणाली, "पुरी भाकर वाढ."

पहिला घास तोंडात घेतला, आणि मग ती खूप रडली. पण ताट तिनं सोडलं नाही.