मागच्या रांगेतला क्लॅरिनेटवाला

२००६ साल. रविवारी दुपारी प्रबोधनं ईस्ट कोस्टच्या आपल्या कॉन्डोत बँकेतले साहेब अभय आणि त्यांची बायको सुचित्रा यांना जेवायला बोलावलं होतं. प्रमोशन अभयच्या हातात, म्हणून श्रीखंड-पुरीचा घाट. त्याच्या बायकोनं, क्षिप्रानं, सासऱ्यांचं ताट नेहमीसारखं आतल्या खोलीत नेऊन दिलं. बाहेरचे लोक आले की म्हाताऱ्यानं आत बसायचं, हा या घरचा शिरस्ता. कारण काय, तर बाप तरुणपणी लंडनच्या क्लबांत क्लॅरिनेट वाजवायचा, आणि लेकानं बँकेत सांगून ठेवलं होतं की ते तिथे अकाउंटंट होते.

आत जाताना बापानं, पद्माकररावांनी, प्रबोधपुढे एक डीव्हीडी केली. जुना ब्रिटिश सिनेमा, जॅझ क्लबात खून होतो तो. "यात मी आहे रे. एवढं सांग त्यांना."

जेवणानंतर प्रबोधनं ती लावली. अभयना जुन्या सिनेमांचा शौक होता म्हणून. सांगायचं त्याच्या मनातही नव्हतं.

काळापांढरा धूर, गायिका, मागे बँड. मागच्या रांगेत एक सावळा पोरगा डोळे मिटून क्लॅरिनेट फुंकत होता.

"हा तुमच्यासारखा दिसतोय की," सुचित्रा म्हणाली.

पोरानं डोळे उघडले. सरळ समोर पाहिलं.

"वरातीतला बँडवाला वाटतोय," अभय हसले. "तुमच्यातला का कोणी?"

"छे हो," प्रबोधही हसला. "आमच्यात कोण असले धंदे करणार?"

पोरानं क्लॅरिनेट खाली घेतली. उठला, आणि धुरातून चालत बाहेर गेला. गायिका गातच राहिली.

"हा उठला कशाला?" अभयनी विचारलं.

प्रबोधनं सिनेमा मागे नेला. आता खुर्ची सुरुवातीपासूनच रिकामी होती. क्लॅरिनेट मात्र ऐकू येत होती.

त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला.

सूर थांबले नाहीत. आतल्या खोलीतून येत होते. बापाची क्लॅरिनेट तर त्यानंच पुणं सोडताना भंगारात घातली होती.

त्यानं दार ढकललं. सूर थांबले.

खोलीत सिगारेटचा वास होता. पद्माकरराव पलंगावर बसून जेवत होते, हातात दुसरं काही नव्हतं.

"सांगितलंस त्यांना?"

प्रबोधची मान खाली गेली. नजर ताटावर पडली. केशराचं श्रीखंड पिवळंधमक होतं. बापाची बोटं मात्र करडी, टीव्हीतल्या काळ्यापांढऱ्या पोरासारखी. आणि ती लागत होती तिथलं श्रीखंडही करडं.