मुकुट आणि चटई

एकोणीसशे अकरा साल. कंबोडियात, नॉम पेन्हच्या राजवाड्यात राजा आमचाच होता, पण किल्ल्या फ्रेंच साहेबाच्या कमरेला. राजाच्या हुकमात नाच तेवढा उरला होता आणि तोही बंद करायचं साहेबाच्या मनात होतं.

त्या सकाळी नाचातल्या नायिकेचा सोन्याचा मुकुट नाहीसा झाला. सगळ्यांच्या डोक्यांहून उंच असं त्याचं फडताळ रिकामं पडलं. संध्याकाळी तर साहेब नाच बघायला यायचा होता.

पहाऱ्याचा नायक केओ धापा टाकत सामोनकडे गेला. सामोन एके काळची नर्तकी. आता लोकांच्या हरवलेल्या वस्तू शोधून देई.

"मावशी, मुकुटाच्या खोलीत नवी नायिका मालीस निजली होती. साहेब म्हणतो, तीच चोर. संध्याकाळपर्यंत मुकुट नाही मिळाला तर ती तुरुंगात, आणि नाच कायमचा बंद!"

"कुठे शोधलंस?"

"खाटांखाली, पेट्यांत. तळ्यातही गळ टाकला."

"म्हणजे सगळं खालीच," सामोन हसली.

मालीसचे डोळे सुजले होते. "मी गाढ झोपले होते, मावशी. जागी झाले तर फडताळावर उदबत्तीची राख तेवढी."

नर्तकींच्या अंगावर कपडे शिवणारी तेप फणकारली, "माझ्याकडे काय बघता? मला का नाचायचंय या वयात!"

मालीस येईपर्यंत यीन नायिका होती. तिच्या खाटेवर जाड लोड नीट मांडलेला. ती मात्र खाली चटईवर.

"रात्रीही खालीच निजलीस? विंचवांच्या दिवसांत?"

"उकडतं. मालीसला विचारा ना! मान वळवता येत नाही, नि म्हणे नायिका!"

सामोनने केओला दारात उभं केलं.

"परका चोर उदबत्ती लावत नाही. मुकुटात वसणाऱ्या गुरूंची क्षमा मागून तो उचलला, म्हणजे चोर वाड्यातलीच. मालीस स्वतःचाच नाच कशाला बुडवेल? आणि केओ, मुकुट खाली ठेवायचं पाप इथे कुणी करेल का? मुकुटाहून उंचावर कुणी निजतही नाही. यीन, तुझी खाट तू कुणाला दिलीस?"

केओने लोड उसवला. कापसातून सोनं चमकलं.

"ठेचून टाकणार होते," यीन हुंदके देत म्हणाली. "हातच उचलला गेला नाही."

"राग मालीसवर होता गं. मुकुटावर कुठे होता?"

"धरू हिला?" केओने विचारलं.

"आधी मालीसच्या डोक्यावर मुकुट बांधू दे. हिलाच."

यीनने ओठ चावत बांधला. नाच झाला, टिकला.

साहेब पुढे बोटीने मायदेशी गेला. केओ कायम आधी वर बघायला शिकला. सामोन म्हातारी होऊन गेली, तेपही. मालीस गुडघे जाईपर्यंत नाचली.

यीन मुलींना शिकवू लागली. खाट होती, पण जन्मभर ती जमिनीवरच निजली. कुणी विचारलं तर म्हणे, "उकडतं."