सर्व्हरच्या दारावर थाप

"पुन्हा बंद पडलं! असाल तशा निघा."

फोनवरचा माणूस ओरडत नव्हता, पण ओरडायचं तेवढंच बाकी होतं. प्लंबरबाईंनी हातातला घास ताटात ठेवला आणि बॅग उचलली.

प्लंबरबाई नळ दुरुस्त करत नसत. ऑफिसं आणि दूरवरचे क्लाउड सर्व्हर यांच्यामधली तुंबलेली वाहतूक मोकळी करणं हा त्यांचा धंदा. हे नाव एका गिऱ्हाइकाने चेष्टेत ठेवलं होतं. त्यांनी ते सरळ कार्डावर छापून घेतलं.

ऑफिस एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांचं होतं. गावोगावची छोटी हॉस्पिटलं फोटो काढून क्लाउडवर पाठवत. इथले डॉक्टर ते उघडून बघत आणि निदान माइकमध्ये बोलून टाकत. तो आवाज सर्व्हरवर साठे, आणि मग टायपिस्ट तो ऐकून अहवाल लिहून काढी. फोटो उघडले नाहीत की तिकडे पेशंट टेबलावर आणि इकडे डॉक्टर हातावर हात ठेवून.

आत शिरताच बाईंना हुडहुडी भरली. कुणीतरी एसी बंद केला होता, तरी गारवा जात नव्हता. समोर एक ठेंगणे, कडक इस्त्रीचे गृहस्थ टाचा उंचावून भिंतीवरचं बटण पुन्हा चालू करत होते. ऑफिसचा कारभार यांच्याच हातात. मोठे भाऊ, म्हणजे हे ऑफिस काढणारे डॉक्टर, गेल्या वर्षी अचानक गेले. तेव्हापासून मालकी वहिनींची. वहिनी त्यांना भाऊजी म्हणत, म्हणून ऑफिसही भाऊजीच म्हणे.

"चोर सापडलाय," भाऊजी म्हणाले. "तुम्ही फक्त शिक्कामोर्तब करायचं. तुम्ही हो म्हणालात की पोलिसांना फोन."

"कोण चोर?"

त्यांनी काचेपलीकडे बोट दाखवलं. बाहेरच्या बाकावर नेटवर्क सांभाळणारा इंजिनिअर मान खाली घालून बसला होता. दिवसभरात चार शब्द बोलला तर खूप, म्हणून सगळे त्याला मौनीबाबा म्हणत.

"कशावरून?"

"गेले काही आठवडे मधूनच सर्व्हर बंद होतो. दरवेळी हाच तो चालू करतो. म्हणजे बंदही हाच करतो. कारण विचारलं की तोंडाला कुलूप! आणि सर्व्हरवरच्या नोंदी कुणीतरी पुसल्यात. ते दुसऱ्या कुणाला जमणार?"

"आज त्याच्याकडे किल्ल्या होत्या?"

"छे. सकाळीच सगळे पासवर्ड काढून घेतले."

"आणि तरीही दुपारी बंद पडलं?"

भाऊजी किंचित अडखळले. "आधीच काहीतरी पेरून ठेवलं असेल."

बाईंनी लॅपटॉप उघडला. ऑफिसच्या नेटवर्कवरून बाकीच्या सगळ्या वेबसाइट झटकन उघडत होत्या. क्लाउड सर्व्हर मात्र मुका. मग त्यांनी ऑफिसची वायर काढली आणि स्वतःच्या मोबाइलचं इंटरनेट जोडलं. सर्व्हर लगेच बोलायला लागला. डॉक्टरही कोपऱ्याकोपऱ्यात मोबाइलवरूनच कसंबसं काम रेटत होते.

म्हणजे सर्व्हर जिवंत होता आणि वायरही धड होती. या एका ऑफिसलाच दारातून परत पाठवलं जात होतं.

"बंद कधी पडतं?"

"जेवणाच्या सुट्टीत. बरोबर सगळे पँट्रीत असताना."

"मौनीबाबाही?"

"हो, आजही तिथेच होता. मी म्हटलं ना, आधीच पेरून ठेवतो."

"आणि तुम्ही?"

"मी कुणाबरोबर जेवत नाही," भाऊजी तुटकपणे म्हणाले. "दादा गेल्यापासून सवय मोडली."

बाई बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

"सर्व्हर तू बंद केलास?"

"नाही."

"नोंदी तू पुसल्यास?"

मौनीबाबाने चष्मा काढून पुसला. "हो."

"का?"

त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"अरे, सर्व्हरचा पहारेकरी प्रोग्राम ज्या पत्त्यांना अडवतो, त्या यादीतून ऑफिसचा पत्ता कायमचा सोडवायला पाच मिनिटं लागतात. तेही केलं नाहीस."

"त्याला कारण लिहून मंजुरी घ्यावी लागते."

"मग लिहायचं कारण!"

त्याने मान फिरवली. बाईंना त्याचा राग आला आणि काळजीही वाटली. या धंद्यात एकदा बोट दाखवलं गेलं की पुन्हा कुणी हातात किल्ली देत नाही.

"पोलीस आले तर तू संपलास. घरी सांगितलंयस?"

"आईला नाही सांगितलं," तो म्हणाला.

तेवढ्यात दार ढकलून वहिनी आल्या. उंच बाई, दाराच्या चौकटीत मावतील न मावतील अशा. धावत आल्यामुळे दम लागला होता.

"सकाळपासून मुलीच्या शाळेत होते. आत्ता कळलं. काय झालं रे?"

मौनीबाबाने झटकन मान वर केली. "वहिनी, तुम्ही दुपारी ऑफिसात नव्हतात?"

"नव्हते. का?"

त्याच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला. प्लंबरबाईंनी ते पाहिलं आणि इतका वेळ न जुळणारं एक टोक त्यांच्या हाती लागलं.

"वहिनी, जेवणाच्या वेळी सगळे पँट्रीत असतात. तेव्हा कुणाच्या नजरेस न पडणारा कॉम्प्युटर या ऑफिसात कुठे आहे?"

"तसा कुठेच नाही. सगळा मोकळा हॉल आहे." त्या थबकल्या. "यांची खोली सोडून. ती मी बंदच ठेवलीय. झाडायलाही कुणाला जाऊ देत नाही."

"किल्ल्या?"

"एक माझ्याकडे, एक भाऊजींकडे."

खोली उघडली. टेबलावर, कपाटावर, खिडकीच्या कठड्यावर धुळीचा थर होता. कीबोर्ड मात्र लख्ख. शेजारचा हेडफोनही स्वच्छ. भिंतीवर दोघा भावांचा फोटो होता. दादा ताडमाड, धाकटा त्यांच्या खांद्याच्याही खाली. बाई टेबलासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि त्यांचे गुडघे थेट पोटाशी आले. खुर्ची अगदी तळाला नेलेली होती.

"दादांना पाठीचा त्रास होता का?" त्यांनी विचारलं. "ते इतकं खाली बसायचे?"

"नाही हो," वहिनी म्हणाल्या. "खुर्ची पुरेशी वर जात नाही म्हणून कुरकुरायचे."

बाई उठल्या. "भाऊजींना आणि मौनीबाबाला इथेच बोलवा."

भाऊजी मोबाइल हातात घेऊनच आले. "लावू फोन?"

"लावा. पण आधी ऐकून तर घ्या." बाई दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. "सर्व्हरच्या दारावर एक पहारेकरी प्रोग्राम असतो. कुणी सारखा चुकीचा पासवर्ड टाकू लागलं की तो त्या पत्त्याला काही वेळ दारातच अडवतो. त्याला वाटतं, चोर आलाय. आता गंमत अशी, की या ऑफिसातली सगळी माणसं बाहेर एकाच पत्त्यावरून जातात. बाहेरच्या पहारेकऱ्याला आख्खं ऑफिस म्हणजे एकच माणूस. एकाने चुकीची थाप मारली की सगळ्यांना दार बंद."

"म्हणजे कुणी मुद्दाम बंद केलं नाही?" वहिनींनी विचारलं.

"नाही. अडवायच्या यादीत ऑफिसचा पत्ता पहारेकऱ्याने आपणहून चढवलाय, माणसाच्या हाताने नाही. मौनीबाबाने पुसलं ते एवढंच, की थाप कोणाच्या खात्यावर पडत होती. खातं दादांचं होतं. बरोबर ना रे?"

मौनीबाबाने मान डोलावली.

"ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवर त्याला दिसत होतं, जोडणी या खोलीतली. किल्ल्या दोनच. त्याला वाटलं, वहिनी असतील. चारचौघांत त्यांची शोभा नको म्हणून हा नोंदी पुसत राहिला आणि चोर ठरायला तयार झाला. पण आज वहिनी इथे नव्हत्या. भाऊजी, हे सांगताना मला वाईट वाटतंय. ही खुर्ची इतकी खाली कुणाला लागते?"

भाऊजी मोबाइल खिशात टाकायला गेले तर खिसाच सापडेना.

"मला माहीत नव्हतं त्याने बंद पडतं ते," ते शेवटी म्हणाले. "देवाशप्पथ माहीत नव्हतं."

"पण का, भाऊजी?" वहिनी म्हणाल्या. "काय हवं होतं तुम्हाला?"

"आवाज."

ते त्या बुटक्या खुर्चीत बसले. एवढा कडक माणूस, पण बसल्यावर एकदम लहान दिसायला लागला.

"त्यांनी बोललेले अहवाल आहेत त्या खात्यात. आमचं शेवटचं बोलणं एसीवरून झालं, वहिनी. मला गारवा लागतो, त्यांना तो सोसत नसे. मी म्हटलं, एवढी थंडी वाजते तर घरी बसा. दुसऱ्या दिवशी ते नव्हते." ते नाक ओढत थांबले. "सगळं टाकून पाहिलं. आईचं नाव, आमच्या कुत्र्याचं नाव, शाळेतला हजेरी नंबर. काहीच लागेना."

"लागणार कसं?" मौनीबाबा पहिल्यांदा आपणहून बोलला. "तुम्हीच सांगितलंत, खातं बंद करून टाक. माझ्याने पुसवलं नाही. मी नुसता पासवर्ड बदलला."

"मग आधी मला का नाही सांगितलंस?"

"त्यांचं नाव काढलं की तुम्ही खोलीतून निघून जायचात."

"मलाही वाटायचं, तुम्हाला त्यांची आठवणच नको झालीय," वहिनी म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "किती राग राग केला मी तुमचा मनातल्या मनात!"

भाऊजी उठून मौनीबाबासमोर गेले. हात जोडायला गेले तर त्याने ते मध्येच धरले.

"मी तुला चोर म्हटलं रे. सगळ्यांसमोर म्हटलं. आता सगळ्यांसमोरच माफी मागतो, चल हॉलमध्ये."

"चला. आणि उद्यापासून जेवायला या पँट्रीत," मौनीबाबा म्हणाला.

हॉलमध्ये सगळ्यांदेखत माफी झाली. पासवर्ड परत मिळाले. मौनीबाबाने ऑफिसचा पत्ता सोडवला आणि स्क्रीनवर फोटो भराभर उघडू लागले. डॉक्टर आपापल्या जागी पळाले. मग तो पुन्हा दादांच्या खोलीत आला, खातं उघडलं, एक अहवाल निवडला आणि पेशंटचं नाव येतं तेवढा भाग पुढे सरकवला.

स्पीकर खरखरला.

"...फुप्फुसं स्वच्छ. हृदयाचा आकार नेहमीसारखा. थांबा हं जरा. ए बारक्या! तो एसी बंद कर रे बाबा, बोटं गारठली माझी... हं, कुठे होतो? बाकी काळजीचं काही नाही."

वहिनींनी तोंडावर पदर धरला. प्लंबरबाईंनी बॅगेची चेन लावण्यात नको तेवढा वेळ घालवला.

भाऊजी हॉलमध्ये गेले. भिंतीपाशी थांबले, टाचा उंचावल्या, आणि एसी बंद केला.