खोळीखालची तिसरी गाडी

"सतरा, अठरा, एकोणीस... बांधली!"

"खरंच बांधलीस की नुसती गुंडाळलीस?"

"येऊन बघ. सुटली तर नाव बदलेन."

मुकादमने वाकून रेडिओने बांधलेली गाडीच्या मागची दोरी ओढून पाहिली. गाठ पक्की होती. गाडीवर जाड कापडाची खोळ घालायची आणि चारही दोऱ्या बांधायच्या, हे सगळं एकोणीस आकड्यांत झालं होतं. काल याच कामाला तेवीस लागले होते.

मुकादम म्हणजे तेरा वर्षांची मुलगी. सगळ्यांना कामाला लावायची, म्हणून हे नाव. तिचा भाऊ रेडिओ तिच्याहून दीड वर्षाने लहान, आणि एकदा सुरू झाला की बंद कुठून करायचा ते आईलाही सापडलेलं नव्हतं. दोघं सुट्टीत मामाकडे आली होती. मामाची मुलगी टाचणी दहा वर्षांची, अंगाने बारीक आणि बोलायला टोचणारी. तिघांची खरी नावं शाळेच्या हजेरीपटात होती. सुट्टीत ती तिथेच राहिली.

मामाचा कारखाना गाड्यांच्या सीटा शिवून देण्याचा. आत पत्र्याच्या छपराखाली एका वेळी एकच गाडी मावायची. बाकीच्या बाहेरच्या अंगणात, उन्हात आपली पाळी येईपर्यंत थांबायच्या. जुन्या सीटा उसवल्या की काथ्याचा भुगा आणि धूळ सगळीकडे उडायची, म्हणून मामाने दाराशी पाटी लावली होती: "काचा पूर्ण वर. दारं कुलूपबंद. चावी पेटीत." पेटी लोखंडी होती, भिंतीत पक्की बसवलेली. तिला चावीपुरती फट होती आणि तिची किल्ली मामाच्या कमरेला असायची. पूर्वी एका कामगाराने गिऱ्हाईकाची गाडी बहिणीला दाखवायला नेली होती आणि दिव्याच्या जागी खड्डा घेऊन परत आणली होती. तेव्हापासून ही पेटी.

गाडी आली की लगेच तिच्यावर खोळ चढायची. सुट्टीपुरतं ते काम मुलांकडे होतं.

त्या सकाळची ही तिसरी गाडी आणणारा माणूस फार घाईत होता. त्याने भराभर पुढच्या काचा वर केल्या, दार लावलं, चावी पेटीत टाकली, टेबलावरच्या चिठ्ठीत ऑफिसचा फोन नंबर लिहिला आणि "संध्याकाळी येतो" म्हणत बस गाठायला धावला. त्याची पाठ वळायच्या आत मुलांनी खोळ उचलली होती. मामाही थोड्याच वेळात स्कूटर काढून रेक्झीन आणायला बाजारात गेला.

पाऊण तासाने टाचणीला टेबलाखाली एक निळी कापडी पिशवी दिसली.

"त्या घाईवाल्या काकांची आहे. चिठ्ठी लिहिताना खाली ठेवली होती."

"डबा असेल," रेडिओ म्हणाला. "दुपारी पोटात कावळे ओरडले की आठवेल. मग येईल धावत. धावायची सवय आहेच त्यांना."

टाचणीने पिशवीची नाडी सोडली.

"अगं, दुसऱ्याची पिशवी उघडू नये," मुकादम म्हणाली.

"मग आत काय आहे ते पिशवी स्वतःच सांगणार का?"

आत डबा नव्हता. एक छोटा फ्रॉक होता, दोन दुपटी, पावडरचा डबा आणि टॉवेलात गुंडाळलेली दुधाची बाटली.

रेडिओ पोट धरून हसला. "साहेब ऑफिसात बाटलीने दूध पितात. तरीच एवढी ताकद, बसमागे पळायची."

मुकादमही हसली. हसता हसता तिने बाटली हातात घेतली आणि तिचं हसू थांबलं.

"दूध अजून कोमट आहे."

"असू दे की. तुला प्यायचंय?"

"अर्धं संपलेलं आहे. म्हणजे आज सकाळी कुणीतरी प्यायलंय."

"बाळ प्यायलं असेल. मग त्यांनी बाळाला सोडलं कुणाकडे तरी."

"बाळ सोडलं तर पिशवी पण तिथेच सोडतील ना? बाळ एकीकडे, दूध दुसरीकडे, असं कोण करतं?"

टाचणी हळूच म्हणाली, "ते आले तेव्हा त्यांच्या कडेवर कुणी नव्हतं."

आत टेलरकाकांचं शिलाई मशीन खडखडत होतं.

"त्या गाडीच्या मागच्या काचांना पडदे होते," रेडिओ म्हणाला. एवढं एकच वाक्य बोलून तो गप्प बसल्याचं त्या दोघींनी प्रथमच पाहिलं.

तिघं धावली. दोऱ्या सुटेनात. गाठी त्यांनीच तर आवळल्या होत्या. टाचणीने आतून मोठी कात्री आणली आणि मुकादमने सरळ दोऱ्या कापल्या. खोळ ओढताना तिचा हात पत्र्याला लागला आणि चटका बसला. तिने पुढच्या काचेला डोळे लावले, दोन्ही हातांनी ऊन अडवलं.

पुढच्या दोन सीटांच्या मधून मागची सीट थोडीशी दिसत होती. सीटच्या काठावर एक छोटासा पाय होता. पायात पांढरा मोजा.

मुकादमने काचेवर मुठी मारल्या. रेडिओने हाका मारल्या. पाय हलला नाही.

"माझी कात्री कुणी नेली?" टेलरकाका गळ्यात टेप अडकवून बाहेर आले. तीस वर्षं ते सीटा शिवत होते आणि त्या कात्रीला मामानेसुद्धा कधी हात लावला नव्हता.

"काका, आत बाळ आहे. काच फोडायला हवी."

टेलरकाकांनी वाकून पाहिलं. त्यांचा चेहरा उतरला, पण ते म्हणाले, "झोपलंय ते. बापाला येऊ दे."

"हाका मारल्या तरी हलत नाही. गाडी केवढी तापलीय, हात लावून बघा."

"उन्हात गाडी तापणारच. अगं पोरी, गिऱ्हाईकाची वस्तू आहे. विचारल्याशिवाय मी तिचा टाकासुद्धा उसवत नाही, आणि तू काच फोडायच्या गोष्टी करतेस? तुझा मामा येईल तासाभरात, तो पेटी उघडेल."

तासाभरात! पण टेलरकाकांशी वाद घालण्यात वेळ जाईल, हे मुकादमला कळलं. त्यांना वाटेतून बाजूला करायला हवं होतं.

"बरं काका, तुमचंच खरं," ती म्हणाली. "तुम्ही त्यांच्या ऑफिसला फोन तरी लावा. चिठ्ठीवर नंबर आहे. आम्हा मुलांचं कुणी ऐकणार नाही, तुमचं ऐकतील."

हे काम त्यांना पटलं. ते घाईने आत गेले. तेव्हा फोन खिशात नसायचे. गल्लीत दोन, त्यातला एक मामाच्या टेबलावर.

"रेडिओ, समोरच्या डॉक्टरीणबाईंकडे पळ. फक्त एवढंच सांग, बंद गाडीत बाळ आहे आणि हलत नाही. दुसरं काही बोलू नकोस."

रेडिओ एक अक्षर न बोलता पळाला.

त्या काळच्या गाड्यांना पुढच्या दारात एक छोटी तिकोनी काच असायची. मुकादमने खिळे ठोकायची टोकदार हातोडी घेतली आणि त्या काचेच्या कोपऱ्यावर मारली. काही झालं नाही. दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्यांदा तिने डोळे मिटले आणि सगळ्या अंगाने मारली. काचेचे तुकडे पुढच्या सीटवर आणि खाली जमिनीवर सांडले.

तिने हात आत घातला, पण तो कोपराशी अडला. दाराचा खटका वीतभर लांब होता.

"सर बाजूला," टाचणी म्हणाली. "माझा जाईल."

"काचा लागतील."

"लागू दे."

तिचा बारीक हात खांद्यापर्यंत आत गेला. दंडावरून रक्ताचा एक ओघळ आला. तिचे ओठ दाबलेले होते, डोळ्यांत पाणी होतं, पण हात मागे आला नाही. मग खट्‌ असा आवाज झाला.

दार उघडताच भट्टीचं तोंड उघडावं तशी झळ बाहेर आली. मुकादमने आत वाकून मागचं दार उघडलं. दोन वर्षांची मुलगी होती. केस कपाळाला चिकटलेले, चेहरा लालभडक, अंग कोरडं आणि तव्यासारखं तापलेलं. तिला उचलल्यावर तिची मान एका बाजूला कलली.

"ही मेली का गं?" टाचणीने विचारलं.

मुकादमने मुलीच्या छातीशी कान नेला. श्वास चालू होता, भरभर आणि उथळ.

तिला छपराखाली आणून पंख्याखाली निजवलं. अंगातले कपडे काढले. टेलरकाका फोन ठेवून वळले, मुलीकडे पाहिलं आणि कापडाच्या नव्या तागातून टर्रकन पट्टे फाडून बादलीत बुडवू लागले. टाचणीने पेला भरून आणला.

"तोंडात पाणी नको," मुकादम म्हणाली. "ती शुद्धीत नाही. ठसका लागेल. शाळेत शिकवलंय. अंगावर घाल."

डॉक्टरीणबाई आल्या त्या पायांत दोन वेगळ्या चपला घालून. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या वर केल्या आणि मुलीला ओल्या कापडासकट उचललं. "माझी गाडी दाराशी आहे. इस्पितळात नेते. तुम्ही चला माझ्याबरोबर," त्यांनी टेलरकाकांना सांगितलं. "वाटभर पाणी मारत राहायचं."

त्या गेल्या, आणि मग फोनवरचा निरोप ऐकून मुलीचा बाप आला.

"कुणीतरी चेष्टा केलीय," धापा टाकत तो म्हणाला. "माझी मुलगी तिच्या मावशीकडे आहे. मी सकाळी सोडली तिला."

मुकादमने निळी पिशवी त्याच्यापुढे धरली.

"रोज तिची आई सोडते. आज तिला लवकर कामावर जायचं होतं, म्हणून मी... दूध पाजलं, मागे झोपवली, ही पिशवी माझा डबा समजून..." त्याने उघड्या दारातून मागच्या सीटकडे पाहिलं. एक पांढरा मोजा तिथे गळून पडला होता. "मला सोडल्याचं आठवतंय," तो म्हणाला. "खरंच आठवतंय मला."

तो तिथेच काचांच्या तुकड्यांत खाली बसला. मुलांना वाटलं होतं, असा माणूस समोर आला तर त्याला चांगलं सुनवावं. पण रेडिओने त्याला हाताला धरून उठवलं आणि इस्पितळाचा रस्ता दाखवायला त्याच्याबरोबर गेला.

मामा परत आला तेव्हा मुकादम पायरीवर बसली होती. तिने सगळं सांगितलं. मामाने टाचणीच्या दंडावरची पट्टी पाहिली, मुकादमच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "शाबास पोरींनो."

"शाबास नको म्हणूस, मामा," मुकादम म्हणाली. "खोळ आम्हीच घातली होती. एकोणीस आकड्यांत. आत कुणी बघितलंच नाही. आकडे मोजत होतो."

मामा तिच्याशेजारी पायरीवर बसला. "पाटी मी लावली," तो म्हणाला. "काचा वर, दारं बंद, चावी पेटीत. धुळीचा विचार केला, चोराचा केला. आत कुणी राहिलं असेल, हे एवढ्या वर्षांत माझ्या डोक्यातच आलं नाही."

दुपारी कुणी जेवलं नाही. मामीने ताटं वाढली आणि तशीच झाकून ठेवली.

दिवेलागणीला डॉक्टरीणबाई आल्या. चपला अजून वेगवेगळ्याच होत्या.

"डोळे उघडले तिने. रडली. बापाला बघून जास्तच रडली," त्या म्हणाल्या. "आजची रात्र तिथेच ठेवू, पण धोका टळला."

टाचणीला एकदम हुंदका आला. दिवसभर ती रडली नव्हती.

"लहान मुलाचं अंग आपल्यापेक्षा फार लवकर तापतं," बाई मामाला सांगत होत्या. "बंद गाडी थोड्या वेळात भट्टी होते. काच बोटभर उघडी ठेवून काही फायदा होत नाही. माझ्याकडे असं एक मूल पूर्वीही आणलं होतं. त्या वेळी सगळे चावी शोधत बसले होते." मग मुकादमकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही चावी शोधत बसला नाहीत."

मामा उठला, पाटी उतरवली आणि ब्रश घेऊन तिच्यावर सगळ्यांत वर एक ओळ लिहिली: "आधी मागचं दार उघडा."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मोठी, चकचकीत गाडी अंगणात आली. साहेबांनी काचा वर केल्या, दार लावलं आणि चावी पेटीकडे नेली. टाचणी दंडाला पट्टी बांधून त्यांच्या वाटेत उभी राहिली.

"काका, मागचं दार उघडता?"

"कशाला?"

"आत कुणी आहे का बघायचंय."

"अगं, मी एकटाच आलोय. दिसत नाही का तुला?"

"दिसतंय. तरी उघडा."

साहेब वैतागून मामाकडे वळले. मामा गिऱ्हाईकाचा शब्द कधी खाली पडू देत नसे. तो हातातलं काम बाजूला ठेवून बाहेर आला आणि आपल्या मुलीच्या शेजारी उभा राहिला.

"उघडा, साहेब," तो म्हणाला. "ती म्हणते तसंच."