सरस वाळेपर्यंत

मेहुणीचा फोन आला तेव्हा मी स्टुलावर बसलो होतो. आमच्या स्वयंपाकघरातलं जुनं स्टूल. त्याचा पाय निखळला होता, म्हणून सकाळीच सरस लावून सांधा बसवला होता. सरस वाळेपर्यंत सांध्यावर वजन हवं. मेहुणी दवाखान्यात बहिणीजवळ थांबली होती.

"भाऊजी," ती म्हणाली, "ताई गेली."

मी उठलो. मागे सांधा उघडल्याचा आवाज आला.

बायकोची आणि माझी ओळखही अशीच, सरस वाळेपर्यंत झाली होती. शाळेची परीक्षा राहून गेलेल्या नोकरदारांसाठी एक संध्याकाळचा वर्ग भरायचा. तिथला बाक दुरुस्त करायला मला बोलावलं होतं. मी पाय चिकटवून उभा राहतोय तोच एक मुलगी धापा टाकत आली आणि त्याच बाकावर बसली. दिवसभर बेकरीत काम करून आली होती. केसांना मैदा लागला होता.

"उठू नका," मी म्हणालो.

"का? चिकटले का मी?"

"तुम्ही नाही, बाकाचा पाय. सरस वाळेपर्यंत वजन राहू द्या."

"पहिल्या भेटीत माझं वजन काढलंत!"

बाक एका बाजूला कलू नये म्हणून दुसऱ्या टोकाला मी बसलो. सरांना वाटलं, मी नवा विद्यार्थी. पुस्तकं कमी होती. त्यांनी आम्हा दोघांत एक कादंबरी ठेवली.

कादंबरी एका मुलीची होती. आई-वडील नाहीत, कडक आत्याकडे वाढते, आणि शेवटी एकटीच बसमध्ये बसून शिकायला निघून जाते. सरांनी एक वाक्य वाचलं, 'आत्याचं मन गंजलेल्या कुलपासारखं होतं,' आणि नेमकं मला विचारलं, "काय समजलात?"

"तेल घालायला हवं होतं," मी म्हणालो.

सगळा वर्ग हसला. ती सगळ्यात जास्त.

"अहो सुतार, उपमा आहे ती! खरं कुलूप नाही."

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो.

"आता काय?" तिने विचारलं.

"बाक जरा हलतोय."

"हलतोय... की हलवलात?"

मी बाकाकडे बघत राहिलो. तिने सरकून जागा केली.

मग आम्ही आत्याचं स्वभावचित्र लिहिलं, मुलगी मोठी कधी झाली त्यावर भांडलो. ती म्हणायची, घर सोडलं तेव्हा. मी म्हणायचो, बसच्या खिडकीतून तिने मागे वळून पाहिलं तेव्हा. तिलाही तसंच जायचं होतं, दुसऱ्या गावी, शिक्षिका व्हायला. ते तिने सांगितलं त्या दिवशी मी पुस्तकातच डोकं घालून बसलो.

"मुलीला पोचवायला आत्या का आली नाही हो?" तिने विचारलं.

"रडू आलं असतं."

"तुम्ही असतात तर आला असतात?"

"मग ट्रंक कोण उचलणार?"

ती पास झाली. ट्रंक मीच उचलली. बस सुटायला आली तशी ती खिडकीतून म्हणाली, "सुतार, एक उपमा द्या. मी कशी आहे? आवडली तर परत येईन."

मला घाम फुटला. पाव आठवला, पोळपाट आठवला, सागवानसुद्धा आठवलं. एकही बोलण्यासारखं नव्हतं.

"तुम्ही... तुम्ही तुमच्यासारख्याच."

आधी ती हसली. मग खिडकीतून आणखी वाकली.

"ही उपमा नाही. याला अनन्वय म्हणतात. ज्याला दुसरी तोडच नसते, त्याच्यासाठी असतो तो." तिचे कान लाल झाले होते. "येईन मी. पण उपमा राहिली, लक्षात ठेवा."

ती आली. आमचं लग्न झालं. पुढे तीच कादंबरी ती वर्गात शिकवायची. कुलपाचं वाक्य शिकवून झालं की घरी येऊन चहाचा कप हातात घ्यायची आणि विचारायची, "सुतार, सुचली का?"

"लाकूड बघतोय," मी म्हणायचो.

"बघा, बघा. घाई नाही."

दवाखान्यात शेवटच्या भेटीतही तिने विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"सुचली का?"

"उद्या सांगतो."

"नक्की?"

"नक्की."

त्या सकाळी स्टुलावर बसून मी ती उपमाच शोधत होतो. सरस वाळला की जाणार होतो तिच्याकडे.

ते स्टूल अजून तसंच पडलं आहे. पाय वेगळा, त्यावर सरस सुकून कडक झालेला. तो खरवडून पुन्हा लावायचा, आणि वर कोणीतरी बसून राहायचं, एवढंच काम आहे. मी ते केलेलं नाही. उपमाही सांगायची राहिली आहे.