गाळणीबाहेरचे पक्षी

हार्कर्सडेल खोऱ्यात कर्ल्यू पक्ष्यांची संख्या दहा वर्षांत तिपटीने वाढली होती, आणि पराग मोहिलेला त्यांतला एकही दिसला नव्हता.

यॉर्कशरमधल्या ध्वनिनिरीक्षण केंद्राच्या प्रयोगशाळेत त्याने आठवडाभराचं चित्रण पडद्यावर लावलं. गवत, दगडी कुंपणं, मेंढ्या, आभाळ. आवाज मात्र सतत येत होता. चढत जाऊन थरथरत विरणारी कर्ल्यूची शीळ. लांब, खाली वाकलेल्या चोचीचा, गवतात जमिनीवर घरटं करणारा हा पक्षी इंग्लंडच्या कुरणांतून नाहीसा होत चालला होता. त्याला वाचवण्याची योजना डॉ. सुलक्षणा नाडगौडा यांची. आता ती संपूर्ण उत्तर इंग्लंडमध्ये लागू होणार होती.

"कॅमेऱ्याचं झाकण काढलं होतंस ना?" शेजारी बसलेल्या सुलक्षणांनी विचारलं.

"ताई, मेंढ्या दिसतायत की. त्या झाकणातून दिसल्या का?"

त्याने पुढचं दृश्य थांबवलं. गोठ्याच्या छपरावर ठिपक्याठिपक्यांचा काळा पक्षी बसला होता. स्टार्लिंग, आपल्या साळुंकीच्या भाऊबंदांपैकी. परागने दृश्य सुरू केलं. स्टार्लिंगने चोच उघडली आणि कर्ल्यूची शीळ घातली.

सुलक्षणा हसल्या. "स्टार्लिंग नकला करतात, हे आपल्याला पहिल्या वर्षीच माहीत होतं. म्हणून तर नकलगाळणी बसवली."

योजना साधी होती. प्रत्येक कुरणात एक श्रवणखांब. पहाटे तो कर्ल्यूची ध्वनिमुद्रित शीळ वाजवी, म्हणजे परतणारे पक्षी तिथे उतरावेत. दिवसभर तो ऐके. कर्ल्यू ऐकू आला, तर त्या कुरणाची कापणी पिल्लं उडायला लागेपर्यंत, म्हणजे जुलैअखेरपर्यंत, बंद. नाही आला, तर शेतकऱ्याच्या फोनवर परवानगी. माणसाच्या चाहुलीने पक्षी घरटं सोडतात, म्हणून कापणीआधी कोणत्याही संशोधकाने कुरणात पाऊल टाकायचं नाही, असा नियम सुलक्षणांनीच केला होता. या वर्षी पहिल्यांदाच, माहितीपटासाठी, परागला खालच्या कुरणांच्या कुंपणापर्यंत जाऊ दिलं होतं.

"गाळणी ठरवते कशावरून?" परागने विचारलं.

"ऐकलेली शीळ सरासरी शिळेशी ताडून. जवळची असली तर खरी, लांबची असली तर नक्कल."

"सरासरी कुणाची?"

"आदल्या वर्षी खऱ्या ठरलेल्यांची. दरवर्षी ती आपोआप सुधारते. पक्ष्यांच्या आवाजात हळूहळू बदल होतात, म्हणून..." त्या थांबल्या.

"खांब रोज एकच शीळ वाजवतो," पराग म्हणाला. "छपरांतली स्टार्लिंगची पिल्लं ती ऐकत वाढली. सगळ्यांची शीळ एकसारखी. पहिल्या वर्षी थोडी गाळणीतून सुटली. दुसऱ्या वर्षी सरासरी त्यांच्याकडे झुकली, मग आणखी सुटली. आपण दहा वर्षं स्टार्लिंग मोजतोय, ताई. कर्ल्यू एकही उरलेला नाही."

सुलक्षणांनी नकाशा उघडला.

"गाळणीने नक्कल म्हणून वगळलेल्या शिळा कुठल्या आहेत, ते बघू."

ठिपके खालच्या गोठ्यांजवळ नव्हते. जिथे छप्पर नाही, अशा वरच्या कुरणांत ते होते. थोडेच. त्यांनी एकेक वाजवून पाहिला. एक घोगरा, एक तुटक, एक फार लांबवलेला. दोन सारखे नव्हते.

"खरा पक्षी आपापल्या गळ्याने ओरडतो," त्या हळूच म्हणाल्या. "सरासरीपासून लांब गेले ते हेच."

"म्हणजे आहेत!" पराग उठून उभा राहिला. "ताई, आहेत अजून!"

सुलक्षणांचं लक्ष नकाशाच्या कोपऱ्याकडे होतं. सगळ्यात वरच्या कुरणाला आज सकाळीच परवानगी गेली होती. शेतकरी ग्रॅहम मेटकाफ. त्यांनी फोन लावला. तो नुसताच वाजत राहिला.

ते पोचले तेव्हा ट्रॅक्टर चालू होता. सुलक्षणा हात हलवत कापलेल्या गवतातून धावल्या. मेटकाफने इंजिन बंद केलं. वर दोन पक्षी ओरडत घिरट्या घालत होते.

"डॉक्टर, तुम्ही? कुरणात?" तो म्हणाला. "तुमचाच नियम मोडलात की!"

"हे पक्षी तुम्हाला दिसले नाहीत?"

"दिसले ना. म्हणून तर फोनवर पुन्हा विचारलं. उत्तर आलं, नक्कल."

"त्यांची चोच बघा, मेटकाफ."

"बघितली. चांगली वीतभर आहे. मला वाटलं, एवढं शिकलेल्या लोकांनी बनवलेलं यंत्र, त्याला काहीतरी ठाऊक असणार."

परागने विचारलं, "इथे दरवर्षी जूनमध्येच कापता?"

"पूर्वी नाही. माझे वडील हे कुरण सगळ्यात शेवटी कापायचे. इतक्या उंचावर गवत उशिराच तयार होतं." मेटकाफने टोपी काढून कपाळ पुसलं. "पण खालची कुरणं तुम्ही जुलैअखेरपर्यंत अडवता. जनावरांना वैरण तर हवी. मग जिथली परवानगी येते, तिथे आधी यंत्र घालायचं. खोऱ्यातले सगळेच तसं करतात. खांब आल्यापासून."

दहा वर्षं सुलक्षणा दर जूनमध्ये स्टार्लिंगची छपरं सांभाळत होत्या आणि कर्ल्यू जिथे घरटी करतात, नेमकी तीच कुरणं खोऱ्यात सर्वांत आधी कापून घेत होत्या.

कुंपणालगत गवताचा एक पट्टा अजून उभा होता.

"तेवढा ठेवू का?" मेटकाफने विचारलं.

"ठेवा."

तिघेही ऐकत उभे राहिले. वरून घोगरी हाक आली, पुन्हा आली. पट्ट्यातून एकाही पिल्लाचं उत्तर आलं नाही.