बसलीस का?

सुरज, ती पऱ्हाटी जरा शेकोटीत सरकव. आणि हे बघ, जायचं ते सकाळी जा. अडवत नाही रे बाबा, तुझी गाडी, तुझं पेट्रोल. पण खडी क्रशरच्या वाटेनं माळ ओलांडतो म्हणालास, म्हणून सांगतो. ऐक, मग कर मनाचं.

आपल्या युसूफ वडगावातला गहिनीनाथ. माझ्या वर्गातला. थापा मारायच्या तर माणसाला आधी बोलावं लागतं, आणि हा गडी स्वतःच्या लग्नातसुद्धा नाव घ्यायला पाऊण तास बसला होता. त्यानं मला हे एकदाच सांगितलं. सांगताना सगळा वेळ खाली मातीत काडीनं रेघोट्या ओढत होता.

चोवीस सालची वेळ अमावस्या. तीस डिसेंबर, सोमवार. दिवसभर सगळी माणसं शेतात. कडब्याची खोप, आत पाच दगडांचे पांडव मांडलेले, सगळ्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यात ताका-ज्वारीची आंबील. संध्याकाळी सगळे घरी आले आणि लेकीचा फोन आला. करिष्मा. माळापलीकडच्या वस्तीवर दिलेली. आठवा महिना लागलेला, म्हणून सणाला येता आलं नव्हतं.

"आबा, आंबील उरली का वो थोडी? सकाळपसून त्येच आठवायलंय."

पोटुशी लेक मागते म्हटल्यावर बाप काय करणार? आई असती तर तिनं सकाळीच धाडली असती. आई नव्हती. छबुबाई, गहिनीनाथची बायको, पाच वर्षांपूर्वी काविळीनं गेली. करिष्माच्या अंगाला लागलेली हळदसुद्धा तिनं पाहिली नाही.

सुनेनं, शिवकन्येनं, स्टीलच्या बरणीत आंबील भरली, पण बरणी हातात देईना.

"आज आवस हाय मामा. सकाळी जावा की."

"सकाळपत्तोर आंबंल ती."

"आंबलेलीच हाय ती, मामा."

"मग आनखी आंबंल," म्हणाला आणि बरणी हँडलला अडकवून निघाला.

आता गाडी कशी होती ते सगळेच नीट ऐका. अठ्ठ्याण्णव सालची, शंभर सीसीची. बॅटरी कधीच काढून टाकलेली. इंजिनावर जेवढा चालंल तेवढा उजेड. रेस दिली की उजेड, रेस सोडली की अंधार. मागचे दोन्ही शॉकअप मेलेले. एकटा बसला की उजेड बरोबर वाटेवर पडायचा. मागं कोणी बसलं की गाडी मागून दबायची आणि उजेड जायचा वर, बाभळीच्या शेंड्यावर. छबुबाईला तो चिडवायचा, "तू बसलीस की मला वाट दिसत न्हाई, निसती घरटी दिसत्यात."

आणि एक सवय. एकदा केजच्या बाजारात ती बसायच्या आधीच यानं क्लच सोडला आणि चार किलोमीटर एकटाच गप्पा मारत गेला. गावानं वर्षभर हसून घेतलं. तेव्हापासून किक मारली की आधी विचारायचा, "बसलीस का?" ती "हां" म्हणाली की गाडी हलायची. वीस वर्षं हेच. ती गेली तरी तोंडाची सवय गेली नाही. स्टँडवर रिकाम्या सीटला विचारायचा, आणि ऐकणारा माणूस दुसरीकडं बघायचा. त्यावर मात्र गावात कधी कोणी हसलं नाही.

डांबरी रस्त्यानं वस्ती सोळा किलोमीटर, माळावरून सहा. हा माळावरून निघाला. साडेआठ वाजले असतील. टिप्परनी पाडलेल्या चाकोऱ्या, मधे उंचवटा, गोटे. पहिल्या गिअरला रेस देत, दुसऱ्याला जीव मुठीत धरत चाललेला. चढाला लख्ख उजेड, उताराला काळोख. थंडी मी म्हणत होती. बरणीचं झाकण खडखड वाजत होतं.

क्रशर आलं. बंद पडलेलं. शेजारी खाण, पाण्यानं भरलेली. त्याच्या दोन वर्षं आधी दगड फोडणारी एक बाई तिच्यात पडून मेली होती. बाहेरगावची. तिचं नाव आपल्याकडं कोणाला सांगता येत नाही. तिला न्यायला कोण आलं, आलं का नाही, तेही नाही.

नेमकी तिथं चेन उतरली.

गाडी बंद, उजेड बंद. मोबाईलच्या उजेडात त्यानं चेन चढवली. घड्याळ पाहिलं, नऊ वाजून दहा मिनिटं. हात गवताला पुसले. किक मारली. दुसऱ्या किकेला गाडी लागली. आणि सवयीनं बोलला,

"बसलीस का?"

उजेड वर गेला.

बाभळीच्या शेंड्यावर.

त्याला वाटलं, मागचं चाक खड्ड्यात असेल. गाडी हळूच पुढं घेतली. दहा फूट. वीस फूट. उजेड वरच. गाडी दुसऱ्या गिअरला ओढेना. दोन माणसांचं ओझं ती कशी ओढते, हे त्याला वीस वर्षांचं पाठ होतं.

वास नाही. श्वास नाही. अंगाला स्पर्श नाही. फक्त ओझं. गोट्यावरून चाक उडालं की ओझं उचलायचं. मग परत बसायचं.

माणूस बसतं तसं.

खरं सांगू? पहिल्यांदा त्याला बरं वाटलं. हे तो मला म्हणाला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला बघा. पाच वर्षांनी मागची सीट भरली होती. मान न वळवता तो बोलायला लागला. "करीला आठवा लागलाय… तुझ्यावानीच आंबील मागायलीय…"

मागं काही नाही.

"छबू?"

काही नाही.

ती "हां" म्हणायची. दर वेळी म्हणायची. आणि तेव्हा त्याला खाण आठवली…

समोर वस्तीचा दिवा दिसत होता. अर्धा किलोमीटर. दारात आठव्या महिन्यातली लेक वाट बघत उभी असणार. अमावस्या. आणि हा कोणाला घेऊन चाललाय तिच्या दारात? छबू असेल तर तिचा हक्क होता. लेकीच्या पोटावरून एकदा हात फिरवायचा हक्क. पण ती नसेल तर?

मागं वळून बघवेना. थांबावं तर उजेड जाणार. न थांबावं तर वस्ती येणार.

वस्तीच्या अलीकडं ओढा आहे. तिथं त्यानं ब्रेक दाबला. रेस सोडली.

अंधार.

"छबू असशील तर माफ कर मला," तो म्हणाला. "लेक अवघडलेली हाय. हितंच उतर."

…

पाण्याचा आवाज. तेवढाच.

रेस दिली. उजेड वरच.

परत सोडली. अंधारात हात जोडले. "उतर गं… पाया पडतो. उतर."

…

मागं शॉकअप कुरकुरला. हळूच. एकदा.

रेस दिली. उजेड खाली, ओढ्याच्या पाण्यावर.

मग तो जो सुटला तो थेट अंगणात. करिष्मा दोन पेले आंबील प्याली. मग यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लहान पोरासारखा रडला. तिला वाटलं, आईची आठवण आली.

फेब्रुवारीत ती बाळंत झाली. मुलगी. राजनंदिनी नाव ठेवलं. माय-लेकी ठणठणीत. मी गहिनीनाथला म्हणालो, "बरोबर केलंस बे तू. दुसरा असता तर घेऊन गेला असता दारापत्तोर." त्यानं मातीतल्या रेघोट्या हातानं पुसल्या. मग म्हणाला, "मोहन, लेकीचा दिवा दिसत होता रं तिथून. आन् मी तिला अंधारात उतरवलं."

मी म्हणालो, "छबुबाईच व्हती कशावरून?"

तेव्हा त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळचं सांगितलं. जावई, अभिमन्यू, अंगणातली गाडी बाजूला घेत होता. त्यानं हाक मारली, "मामा, ह्ये रात्री कुणी उघडलं?"

मागं बसणाऱ्यानं पाय ठेवायची दोन फुटरेस्ट असतात ना, दोन बाजूंना. पाच वर्षं कोणी बसलं नव्हतं. गंजून, मिटून, जाम झालेली. हातोडीनं ठोकली असती तरी हलली नसती. उजवीकडचं तसंच मिटलेलं होतं. गंजासकट.

डावं खाली होतं.

दोन्ही पाय डावीकडं सोडून बसलेली. म्हणजे बाई होती, एवढं कळलं. कोणती, ते…

गहिनीनाथनं ते फुटरेस्ट काही परत वर केलेलं नाही.